सातवा सामना, वरची रांग

शुक्रवार, २८ एप्रिल २०२३

सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमध्ये सॅक्रामेंटो किंग्जने गोल्डन स्टेट वॉरियर्सला ११८-९९ असं धुतलं आणि एनबीए ह्या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या प्ले-ऑफची, म्हणजे बाद फेऱ्यांची, पहिली फेरी ३-३ वर आली. सातातले चार जिंकेल तो पुढे, त्यामुळे सगळा निकाल आता रविवारच्या सामन्यावर, आणि तो सामना सॅक्रामेंटोला. फ्रीमाँटच्या आमच्या घरात ह्यावरून उघड फूट होती. बायको आणि लेक वॉरियर्सच्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात राहून दुसऱ्या कुणाचं असायचं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. मी किंग्जचा. सांगलीहून उन्हाळ्यापुरते आलेले सासरे, म्हणजे अप्पा, कुणाचेच नव्हते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस, नोकरी सांभाळून आयुष्यभर हौसेने खो-खोची पंचगिरी केलेला. सगळे सामने ते आमच्याबरोबर सोफ्यावर बसून बघायचे आणि शेवटी एकच शेरा मारायचे: "पळतात लई, पण कशासाठी पळतात ते काय दिसत नाही."

मालिका रंगली होती मात्र जबरदस्त. पहिले दोन सामने किंग्जचे. दुसऱ्यात वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनने खाली पडलेल्या किंग्जच्या सबोनिसच्या छातीवर पाय दिला, त्याला बाहेर काढलं, तिसऱ्या सामन्यासाठी निलंबित केलं, आणि नेमका तो सामना त्याच्याविना वॉरियर्सनी जिंकला. चौथा किंग्जनी एका गुणाने घालवला. शेवटच्या क्षणी हॅरिसन बार्न्सचा तीन गुणांचा नेम चुकला. त्यात किंग्जच्याच डीॲरन फॉक्सच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक मोडलं, आणि फॉक्स डावखुरा. तरी पठ्ठ्या बोटाला पट्टी बांधून खेळत होता.

"मघापासून फोनवर तिकिटं बघतोयस ना?" बायको म्हणाली.

बघत होतो.

शनिवार

तिकिटं मिळाली. कितीला, ते इथे लिहीत नाही. बायकोला सांगितलेला आकडा खरा आहे, फक्त त्यावर लागणारं सेवाशुल्क तिने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर, जवळजवळ छताखाली. उंचीची भीती असल्यामुळे बायकोने आनंदाने माघार घेतली. मी, लेक आणि अप्पा असं ठरलं. अप्पा आधी नको म्हणाले, मग जाताना रेल्वेने जायचं आहे म्हटल्यावर तयार झाले.

आता पुण्यातला माणूस किंग्जच्या नादाला कसा लागला ते सांगायला हवं. एनबीएचे भारतातले पहिले सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत झाले, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. ४ तारखेचा सामना शाळकरी मुलांसाठी होता. तो पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. ५ तारखेचा आमच्यासारख्यांसाठी. तोवर एनबीए म्हणजे पहाटे उठून टीव्हीवर बघायची गोष्ट. सात फुटी माणूस हाकेच्या अंतरावर बघितला की कळतं, टीव्हीने आपल्याला ह्यांची मापं कधी सांगितलीच नव्हती. किंग्ज त्या दिवशी १३०-१०६ असे हरले. घरी परतताना एक्स्प्रेसवेवर माझ्या लक्षात आलं की मला जिंकलेल्या पेसर्सचं काही सोयरसुतक नाही, आणि हरलेल्यांचं मात्र वाईट वाटतंय. त्यानंतर सुटका नव्हती.

शिवाय मालक आपल्याकडचा. अप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "रणदिवे? कुठले?"

विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, एमआयटीत शिकलेले, टिबको ही सॉफ्टवेअर कंपनी उभी करणारे. आधी ते वॉरियर्समध्ये भागीदार होते. २०१३ मध्ये तो वाटा सोडून त्यांच्या गटाने किंग्ज घेतला, संघाची किंमत ५३ कोटी ४० लाख डॉलर धरून. एनबीएच्या संघाची सूत्रं हातात असलेला भारतात जन्मलेला पहिला माणूस. एवढं सगळं ऐकून अप्पा म्हणाले, "ते झालं, पण गाव कुठलं?" मी पुन्हा मुंबई म्हटलं. "मुंबई हे काय गाव झालं होय?"

मुंबईत खेळलेले तिघेजण उद्या कोर्टवर असणार होते. फॉक्स आणि बार्न्स तेव्हाही किंग्जचेच. डोमांटास सबोनिस मात्र वरळीत समोरच्या बाजूला होता, पेसर्सच्या जर्सीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जनी टायरीझ हॅलिबर्टन आणि बडी हील्ड देऊन त्याला आणला तेव्हा चाहत्यांनी कपाळावर हात मारला होता. पुढच्याच हंगामात ४८ विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक. त्याआधी सलग १६ हंगाम हा संघ प्ले-ऑफमध्ये पोचलाच नव्हता. एनबीएच्या इतिहासात एवढा लांबलेला दुष्काळ कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. दुष्काळ संपवणारे प्रशिक्षक माइक ब्राऊन आदल्या हंगामापर्यंत वॉरियर्सच्याच बाकावर सहायक म्हणून बसत होते. घरचा भेदीच म्हणायचा.

रविवार

सामना दुपारी साडेबाराचा. सकाळी गाडीने एमरीव्हिल गाठलं, गाडी तिथेच लावली आणि कॅपिटल कॉरिडॉर ही दुमजली आगगाडी धरली. वरच्या मजल्यावर डाव्या हाताची खिडकी मिळवायची, हे ह्या मार्गावरचं पहिलं शहाणपण, कारण रिचमंड सोडलं की रूळ थेट खाडीच्या पाण्याला लागून जातात. लेकीने निळी, वॉरियर्सच्या करीची ३० नंबरची जर्सी घातलेली, मी जांभळी, फॉक्सची ५ नंबरची. अप्पांसाठी एक जांभळी टोपी आणली होती, ती त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवली. "पंचानं रंग घालायचा नसतो."

डबा गाडी सुटल्यावर लगेचच उघडला, कारण स्टेडियममध्ये बाहेरचं काही नेता येत नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याची छोटी बरणी. समोरच्या बाकावर वॉरियर्सची जर्सी घातलेलं एक जोडपं आणि त्यांच्या शेजारी तोंडाला जांभळा रंग फासलेला एक पोरगा बसला होता. डबा आणि सामना ह्या दोन्ही विषयांवर त्यांचं लक्ष होतं. अर्धा डबा अर्थातच तिकडे गेला. चटणीचा पहिला घास घेऊन पोरगा थांबला, पाणी प्यायला, आणि परत हात पुढे केला.

कार्क्विनेझच्या पुलाखाली क्रॉकेट नावाचं छोटं गाव लागतं. तिथे सी अँड एच कंपनीचा साखरेचा जुना कारखाना रुळाला अगदी चिकटून उभा आहे. साखर कारखाना म्हटल्यावर सांगलीच्या माणसाने खिडकीला नाक लावलंच. "ऊस कुठाय?" ऊस नाहीच. इथे १९०६ पासून बाहेरून आलेली कच्ची साखर शुद्ध करतात. नावातला एच म्हणजे हवाई, पण हवाईतला शेवटचा ऊसमळाही २०१६ मध्ये बंद पडला. "म्हणजे नुसतीच धुलाई," अप्पा म्हणाले आणि त्यांचा रस संपला.

तो परत जागा झाला डेव्हिसच्या पुढे. तिथून सॅक्रामेंटोपर्यंत गाडी एका विस्तीर्ण सपाट पट्ट्यावरून जाते, योलो बायपास. सॅक्रामेंटो नदीला पूर आला की पाणी शहरात शिरण्याआधी ह्या पट्ट्यात सोडतात. एरवी तिथे भात पिकतो, पक्षी उतरतात. घरं कुणाला बांधू देत नाहीत. त्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात पावसाने कहर केला होता. अप्पा हे बराच वेळ बघत राहिले. कृष्णेचा २००५ चा आणि २०१९ चा असे दोन्ही महापूर त्यांनी सांगलीत काढलेत, दुसऱ्यात तर घराच्या माळ्यावर बसून. "नदीला जागा सोडलीया," एवढंच बोलले. पुढे शहर येईपर्यंत आमच्यात बास्केटबॉलचा विषय निघाला नाही.

सॅक्रामेंटोचं स्टेशन १९२६ सालचं, विटांचं, उंच कमानींचं. प्रतीक्षालयाच्या भिंतीवर १८६३ मध्ये सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा पहिला फावडा मारला त्याचं भलंथोरलं चित्र आहे. अमेरिकेला आडवी ओलांडणारी रेल्वे पश्चिमेकडून ह्या गावातून निघाली. बघण्यासारखं आहे, पण लेकीने हात धरून बाहेर ओढलं. गोल्डन वन सेंटर तिथून पायी दहा मिनिटांवर.

रस्ता जांभळा झाला होता. आणि घंटा. गळ्यात, हातात, काठीला बांधलेल्या, गुरांच्या गळ्यातल्या असतात तशा पत्र्याच्या घंटा. २००० नंतरच्या त्या वर्षांत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन ह्यांनी सॅक्रामेंटोला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं होतं. इथल्या लोकांनी रागावण्याऐवजी घंटाच आणल्या आणि लेकर्सच्या कानाशी वाजवल्या. अप्पांना एवढ्या प्रवासात ही पहिली गोष्ट पूर्ण पटली. बेंदराला बैलांच्या मिरवणुकीत वाजतात त्या घंटा त्यांनी लगेच ओळखल्या. एकाच्या हातातली उलटी करून आतला लोळा तपासला आणि पत्रा पातळ असल्याचं मला सांगितलं.

स्टेडियमचा पत्ता डेव्हिड जे. स्टर्न वॉक. एनबीएच्या माजी आयुक्ताचं नाव रस्त्याला उगाच दिलेलं नाही. २०१३ मध्ये हा संघ सिएटलला जवळजवळ गेलाच होता. महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः ह्याच गावचे आणि एनबीएत खेळलेले, ते स्थानिक खरेदीदार शोधत फिरले, आणि शेवटी संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं. सॅक्रामेंटोत तेव्हा वरच्या दर्जाचा दुसरा कुठलाही संघ नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांना एक संघ हरला तर फुटबॉल आहे, बेसबॉल आहे. इथे किंग्ज गेला असता तर नुसती मोकळी इमारत उरली असती, तीही जुनी, गावाबाहेरची. विजेतेपदाचं म्हणाल तर ते एकच, १९५१ सालचं, आणि तेव्हा हा संघ रोचेस्टरला होता, नावही रॉयल्स होतं. मधे सिनसिनाटी आणि कॅन्सस सिटी करत तो १९८५ मध्ये इथे आला.

दारात जेफ कून्सचं ८० लाख डॉलरचं रंगीबेरंगी चकचकीत शिल्प आहे. त्यावर माझं काही म्हणणं नाही. इमारत मात्र देखणी: पुढच्या बाजूला विमानाच्या हँगरला असतात तसे प्रचंड दरवाजे, जे हवा चांगली असेल तेव्हा उघडतात आणि नदीवरचा वारा आत घेतात. वीज पूर्ण सौर.

जिने चढून वर गेलो. अप्पांनी दोनदा दम खाल्ला, मी तीनदा. खुर्चीत बसल्यावर खाली कोर्ट दिसलं, सगळंच्या सगळं, ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, एखाद्या आराखड्यासारखं पसरलेलं. माझ्या बाजूच्या खुर्चीत साठीच्या पुढची एक बाई होती, मांडीवर घंटा. जुन्या आर्को अरीनापासून ती येत होती. २००२ ची ती मालिका तिने बसल्या जागेवर मला ऐकवली, जणू परवाची. लेकर्सविरुद्धचा सहावा सामना, चौथ्या पावात, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात, लेकर्सना मिळालेले २७ फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल पंच देतात ते मोकळे नेम, मग सातवा सामना सॅक्रामेंटोतच, जादा वेळेत हार. पंचांबद्दल ती जे बोलली ते मी अप्पांना भाषांतर करून सांगितलं नाही.

सामना सुरू झाला आणि आवाज असा उठला की छातीत जाणवला. "लाइट द बीम!" ह्या हंगामात किंग्जनी छतावर लेझरचे चार दिवे बसवलेत. संघ जिंकला, घरी असो की बाहेर, की जांभळा झोत सरळ आभाळात सोडतात. घरच्या सामन्यानंतर खेळाडू एक मोठं बटण दाबतो आणि खाली चौकात लोक नाचतात. सोळा वर्षांनंतर हे खुळ गावाला लागलं होतं. लेक सोडून आजूबाजूचे सगळे ओरडत होते. ती मात्र निळ्या जर्सीत ताठ बसून, तोंड मिटून.

पहिल्या अर्ध्यात किंग्ज पुढे, ५८-५६. फॉक्सचे नेम लागत नव्हते, पण सबोनिस आतून ढकलत होता आणि कुणी ना कुणी वेळ निभावून नेत होतं. मध्यंतराला पॉपकॉर्न आणायला गेलो तेव्हा रांगेतला प्रत्येक माणूस प्रत्येकाचा मित्र होता.

परत आलो तर अप्पा कठड्याकडे वाकून बसलेले. म्हणाले, "जावईबापू, तो तीस नंबर बघा. चेंडूकडं बघू नका. नुसता त्याच्याकडं बघा."

स्टेफ करीला मी वर्षानुवर्षं टीव्हीवर बघत आलोय. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे करी दिसतो तो चेंडू हातात आल्यावर. तो येण्याआधी काय झालं ते पडद्याच्या बाहेर राहतं. इथे वरून ते सगळं उघडं पडलं होतं. ग्रीनकडे चेंडू दिला की बहुतेक जण थांबून श्वास घेतील. करी चेंडू देतो त्याच पावलाने धावायला लागतो. बास्केटखालून पलीकडच्या कोपऱ्यात, तिथून आपल्याच संघातल्या लूनीच्या पाठीला घासून वर, दोन पावलं परत खाली, खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे. डेव्हियन मिचेल, जो किंग्जचा सगळ्यात चिवट बचावपटू, त्याच्या मागे. लूनी नुसता उभा. मिचेलला त्याला वळसा घालावा लागतो, आणि तेवढ्यात करी मोकळा.

"हा पळतीचा गडी आहे," अप्पा म्हणाले. "हे बसलेले खेळाडू बघा. ह्याला मधून जाता येतं, पाठलाग करणाऱ्याला नाही. साखळी काढतोय बघा, साखळी! आता खांबाकडं नेणार त्याला." आणि खरंच, करी मिचेलला कोपऱ्याकडे घेऊन गेला, तिथे हूल दिली, उलटा फिरला, चेंडू हातात आला त्या क्षणी त्याच्या आसपास कुणी नव्हतं. तीन गुण.

खो-खोत दमवायचं कसं हे अप्पांनी मग मला समजावलं. पळणाऱ्याने सगळी ताकद एकदम काढायची नसते. पाठलाग करणाऱ्याला दर वेळी वाटलं पाहिजे की हात लागलाच. तो लागला नाही की पुढच्या वेळी पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा पडतं. तिसऱ्या पावात किंग्जचं हेच झालं. मिचेल दमला म्हणून दुसरा आला, मग तिसरा. दोघे करीकडे धावले की कुणीतरी मोकळा राहायचा. नेम चुकला तरी सुटका नव्हती, कारण परत येणारा चेंडू केव्हॉन लूनीच्या हातात. लूनी फार उंच उडत नाही, धिप्पाड म्हणावा तसाही नाही. चेंडू हवेत असतानाच तो हळूच कुणाच्या तरी आणि बास्केटच्या मधे सरकून उभा राहतो, कंबर लावून. टीव्हीवर हा माणूस मला कधी दिसलाच नव्हता. त्या दिवशी त्याने २१ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या नेमाचे परत आलेले चेंडू, घेतले, त्यातले दहा समोरच्याच्या बास्केटखाली, म्हणजे दहा वेळा वॉरियर्सना फुकटची दुसरी संधी. मालिकेत वीस किंवा जास्त रिबाउंडचा त्याचा हा तिसरा सामना.

तो पाव वॉरियर्सनी ३५-२३ असा घेतला. फलक ९१-८१.

चौथ्या पावाच्या सुरुवातीला वॉरियर्सचा कुणीतरी फ्री थ्रोला उभा राहिला, आणि शेजारच्या बाईने थकून घंटा खाली ठेवली. अप्पांनी ती उचलली. एक शब्द न बोलता उभे राहिले आणि मनगटातून अशी वाजवली की पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. नेम चुकला की लागला ते आठवत नाही. बाई टाळ्या पिटत होती. लेक म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर पंच आहात!" अप्पा म्हणाले, "पंचाची वेळ संपली."

पण घंटांनी काही होण्यासारखं राहिलं नव्हतं. फॉक्सचे १९ पैकी पाचच नेम लागले, एकूण १६ गुण. फलकावर त्याचा हात मोठा दिसायचा तेव्हा बोटावरची पट्टीही दिसायची, आणि आमच्या भागातून नुसता "च्च" असा आवाज यायचा. सबोनिसने २२ केले. करीने ३८ वेळा नेम धरला, २० लागले, त्यात सात तीन गुणांचे. शेवटी शेवटी तो बास्केटकडे असा चालत जात होता की त्याला अडवणारे जणू वाट दाखवायला उभे आहेत. पन्नास गुण. सातव्या सामन्यात एवढे तोवर कुणीही केले नव्हते. आधीचा विक्रम केव्हिन ड्युरंटचा ४८ चा, तोही जादा वेळेसकट. १२०-१००, संपलं. आणि हेच वॉरियर्स त्या हंगामात परगावी खेळलेल्या ४१ सामन्यांपैकी फक्त ११ जिंकले होते! असला हिशेब मांडून बसलेल्या माझ्यासारख्यांची चांगलीच जिरली.

लेक उड्या मारत नव्हती. तिने आजूबाजूला बघितलं, जर्सीवर जाकीट चढवलं आणि मग माझ्या पाठीवर थोपटलं. मला त्या क्षणी ते थोपटणं अजिबात नको होतं.

लोक लगेच उठले नाहीत. खेळाडू आत जाईपर्यंत उभं राहून टाळ्या वाजवत राहिले. शेजारच्या बाईला मी म्हटलं, फार वाईट झालं. ती म्हणाली, "२००२ पेक्षा बरं. तेव्हा कुणी हरवलं ते अजून कळलेलं नाही. आज समोर दिसला." मग तिने घंटा अप्पांपुढे धरली, ठेवा म्हणून. अप्पांनी दोन्ही हात जोडून नाही म्हटलं. मला वाटलं, संकोच. जिना उतरताना म्हणाले, "पुढच्या वर्षी तिला लागंल की."

बीम अर्थातच नाही. चौकात लोक होते, पण घोळक्याघोळक्याने, हळू बोलणारे. स्टेशनवर गाडी यायला वेळ होता, तेव्हा प्रतीक्षालयातलं ते रेल्वेचं चित्र शेवटी नीट बघितलं. परतीची गाडी तुडुंब भरली होती. सकाळचा जांभळ्या तोंडाचा पोरगा पुन्हा आमच्याच डब्यात भेटला, रंग अर्धा पुसलेला. त्याने विचारलं, ती तिखट चटणी उरलीये का? उरली होती. मार्टिनेझपर्यंत तीही संपली.

मंगळवार

वॉरियर्सची पुढची गाठ लेकर्सशी, आणि पहिला सामना घरी, चेस सेंटरमध्ये. आम्ही सगळे पुन्हा सोफ्यावर. मी तटस्थ, म्हणजे दोघेही हरावेत ह्या मताचा. अप्पा ह्या वेळी पुढे सरकून बसले होते, चष्मा पुसून. पाच मिनिटांत त्यांची चुळबुळ सुरू झाली. करीने चेंडू ग्रीनला दिला, कॅमेरा ग्रीनबरोबर गेला, करी पडद्याच्या कडेने नाहीसा झाला.

"गेला कुठं तो?"

दोन सेकंदांनी तो कोपऱ्यात उगवला, चेंडू घेतला आणि टाकला. बायको आणि लेक ओरडल्या. अप्पा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले, पडद्याची डावी कड बोटाने तपासली आणि माझ्याकडे वळले.

लेकर्स ११७-११२ असे जिंकले, त्याचं घरात दोघींना दुःख झालं. अप्पांचं दुःख वेगळं होतं आणि ते रात्री जेवतानाही चालू होतं. "खेळ समदा बाजूला चाललाय, आणि हा येडा चेंडू दावत बसतोय. तुम्ही कंप्युटरात आहात न्हवं? मग त्या कॅमेरावाल्याला जरा मागं सरायला सांगा की."